लेखणी शिकलात, खातेवही कधी शिकणार?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली मुले-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : पत्रकारितेत जाऊ का? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आपल्या वस्तीतली बातमी पेपरात येत नाही, आली तर आठव्या पानावर कोपऱ्यात येते, आणि कधी कधी अशी उलटी येते की न आलेली बरी. तेव्हा आपणच लिहावे असे त्यांना वाटते. यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. चळवळीतले म्हणतात, बाबासाहेब स्वतः संपादक होते, तू जरूर जा! पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात भाबडेपणा आहे. बाबासाहेब संपादक होते हे अभिमानाने सांगणारे, त्यांची पत्रे बंद का पडली हे मात्र सांगत नाहीत. ज्याला या क्षेत्रात उतरायचे आहे त्याने नेमके तेच आधी समजून घेतले पाहिजे.

माझे म्हणणे सरळ आहे. आपल्या पत्रांना लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वर्गणी, छपाई, वितरण आणि रोजचे काम सांभाळणारी माणसे, या ठिकाणी आपण वारंवार मार खाल्ला. शंभर वर्षांनंतरही आपण मुलांना फक्त लिहायलाच शिकवतो आहोत.

सुरुवात मागून करू. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. सत्यशोधक चळवळीचे ते मुखपत्र. तीन वर्षांतच आर्थिक ओढाताणीमुळे ते पुण्यात चालणे अशक्य झाले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. हे लोखंडे कोण? गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेला माणूस. माल किती आला, किती गेला, मजुराला किती मिळाले, किती कापले गेले, हे त्यांना गिरणीच्या आतून माहीत होते. म्हणून त्यांच्या लेखनात गिरणी कामगार हा दयेचा विषय राहिला नाही, तो आकड्यांचा आणि तासांचा विषय झाला. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्या किती संपादकांना हे नाव ठाऊक असेल, हा वेगळा प्रश्न! पण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही की लोखंडे आधी एका धंद्याचे जाणकार होते आणि मग पत्रकार झाले.

गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी ‘दीनबंधु’त लिहिले, १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली आणि त्या मासिकात शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र छापून आले. जिच्याविषयी इतर लोक लिहीत होते ती स्वतः लिहू लागली, १९०९ साली! इकडे विदर्भात किसन फागोजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. जिद्दीला सलाम केलाच पाहिजे. पण एकाच माणसाला इतक्या वेळा नव्या नावाने सुरुवात का करावी लागली, हेही विचारले पाहिजे.

आता ‘मूकनायक’. पहिला अंक ३१ जानेवारी १९२०. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे सरकारी नोकरीत. म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, अग्रलेख बाबासाहेबांचे होते. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही ही गोष्ट आपल्या प्रत्येक भाषणात येते. ती यायलाच हवी. स्वराज्याच्या गर्जना करणाऱ्या पत्राला एका नव्या पाक्षिकाच्या चार ओळी सोसल्या नाहीत.

पण ही गोष्ट आपण केवळ अपमानाची कथा म्हणून सांगतो, आणि तिथेच थांबतो. जाहिरात कशासाठी द्यायची होती? वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी. ‘केसरी’कडे महाराष्ट्रभर पसरलेला वाचक होता, एजंट होते, टपालाने जाणारे अंक होते. ‘मूकनायक’ला तो वाचक शून्यातून शोधायचा होता. त्यात आपल्या समाजात अक्षर ओळखणारे मूठभर. चाळीत किंवा महारवाड्यात एक जण अंक वाचणार आणि दहा जण भोवती बसून ऐकणार. विचाराचा प्रसार म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर वाचक दहा आणि वर्गणीदार एक, आणि त्या एकाचीही वर्गणी वेळेवर येईलच असे नाही. कागदवाला, छापखाना आणि टपाल खाते मात्र ऐकणाऱ्यांची संख्या पाहून सूट देत नाहीत. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी काम पाहिले. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले.

‘बहिष्कृत भारत’ची कथा तर आणखी बोलकी आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. वेळ पाहा! सत्याग्रहाविरुद्ध प्रस्थापित पत्रांनी राळ उडवायला सुरुवात केली होती आणि उत्तर द्यायला स्वतःचे पान हवे होते. आता बाबासाहेब उघडपणे संपादक होते. आणि त्याच काळात ते काय काय करत होते? हायकोर्टात वकिली, मुंबई कायदेमंडळाचे सदस्यत्व, आणि बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पोटापाण्याचे आणि चळवळीचे काम, आणि उरलेल्या वेळात पत्राचे रकाने.

३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी एक अग्रलेख लिहिला. ‘बहिष्कृत भारता’चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी समाजालाच विचारला आहे. चोवीस-चोवीस रकाने एकट्याने, एक पैसाही न घेता लिहावे लागतात हे त्यांनी त्यात सांगितले. लिहायला दुसरे माणूस नाही, ठेवायला पैसा नाही. आपण हा लेख त्यागाचे उदाहरण म्हणून वाचतो आणि डोळे पुसतो. मी तो समाजाला पाठवलेले थकबाकीचे पत्र म्हणून वाचतो. त्यांना लोकांकडून गौरव नको होता, पत्र चालवण्याचा खर्च लोकांनी उचलावा एवढीच अपेक्षा होती. १५ नोव्हेंबर १९२९ ला ‘बहिष्कृत भारत’ थांबले.

नंतर ‘जनता’ आले, २४ नोव्हेंबर १९३०. ते मधल्या अडचणी धरूनही पंचवीस वर्षे टिकले आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ‘जनता’ का टिकले? बाबासाहेबांची लेखणी तर आधीच्या दोन्ही पत्रांत होती. फरक असा की ‘जनता’ एका माणसाच्या खांद्यावर नव्हते. देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधरपंत सहस्रबुद्धे, पुढे बापूसाहेब कांबळे, यशवंतराव आंबेडकर अशी माणसे एकामागून एक पत्र सांभाळत गेली. स्वतःचा छापखाना होता. मागे कामगारांची, पक्षाची संघटना होती. (देवराव नाईक आणि सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते हेही नव्या मुलांनी लक्षात घ्यावे. सोबत कोण काम करतो हे बाबासाहेब पाहत.)

त्या छापखान्याचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. दादरच्या आंबेडकर भवनात ‘बुद्धभूषण’ छापखाना होता. २५ जून २०१६ च्या रात्री ट्रस्टच्या कारभाराच्या वादातून ती वास्तू पाडली गेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले, संताप खराच होता. पण त्याआधीची कित्येक वर्षे त्या ट्रस्टचे कागद किती कार्यकर्त्यांनी वाचले होते? माझ्या ओळखीच्यांपैकी एकानेही नाही.

दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण मुद्दाम देतो. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडी नावाच्या खेड्यात बसून चालवले. १९६७ पर्यंत, अर्धशतकाहून अधिक! हे मुकुंदराव कृष्णराव भालेकरांचेच चिरंजीव, दत्तक गेलेले. वडिलांचे पत्र तीन वर्षांत दुसऱ्याकडे गेले, मुलाचे आयुष्यभर टिकले. शेतीचा आधार आणि गावातच छापखाना, शहराच्या छापखान्याचे बिल नाही. अर्थात मुकुंदरावांकडे जमीन होती आणि आपल्याकडे नव्हती, ही तफावत झाकून चालणार नाही. जमिनीच्या जागी काय ठेवायचे, हे आपल्याला शोधावे लागेल.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग स्वतःचे पत्र काढायच्या भानगडीत का पडा? मोठ्या दैनिकात, चॅनेलमध्ये नोकरी करा. जरूर करा. तिथे जागा अडवून ठेवणे हेही चळवळीचेच काम आहे. पण तिथले वास्तव डोळे उघडे ठेवून पाहा. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायचा प्रयत्न केला. एका परदेशी वार्ताहराला दलित पत्रकाराशी बोलायचे होते, एवढेच निमित्त. सरकारमान्य पत्रकारांची यादी चाळून, फोन करकरून त्यांना एकही सापडला नाही, आणि तीस वर्षांच्या कारकिर्दीत आपल्याला हे कधी जाणवलेच नाही असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पत्रकारांची पाहणी केली. अनुसूचित जाती-जमातींपैकी एकही नाही.

‘निर्णय घेणाऱ्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बातमीदार बाहेर फिरतो, बातमी आणतो. ती कोणत्या पानावर जाईल, किती ओळी जाईल, मथळा काय लागेल हे डेस्क ठरवते. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात, देशभर बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्थेत कोणत्या जातीची माणसे भरलेली आहेत हे स्पष्ट लिहून ठेवले, कारण बातमीची चाळणी कुठे होते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून नोकरी करायची असेल तर उपसंपादकाच्या खुर्चीला कमी लेखू नका. बाइटमध्ये चेहरा दिसत नाही, गावात कोणी ओळखत नाही, रात्रपाळी असते. पण मथळा तुमच्या हातात असतो.

मथळ्याने काय होते ते खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी विजयादशमीला धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त लाखो लोक नागपुरात दीक्षाभूमीवर जमले होते. खैरलांजी तिथून फार दूर नाही. तरीही बातमी राज्यभर पोहोचायला आठवडे लागले, आणि सुरुवातीला जी पोहोचली ती ‘अनैतिक संबंधां’चा शिक्का मारून. पोलिसांनी सांगितलेली गोष्ट तशीच छापली गेली. ती खोडून काढली कोणी? गावात जाऊन साक्षी नोंदवणाऱ्या, शवविच्छेदनातल्या त्रुटी दाखवणाऱ्या, कागद मागणाऱ्या कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन समित्यांनी. पुढे २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. हे का झाले, हे समजावून सांगणारी बातमी लिहायला भावना पुरत नाही. फिर्याद कशी वाचायची, पंचनाम्यात काय असते, दोषारोपपत्रात कोणते कलम गाळले गेले, १९८९ चा कायदा कोणत्या पुराव्यावर उभा राहतो, हे यावे लागते.

म्हणून माझा पहिला सल्ला : पत्रकारितेच्या पदवीआधी किंवा तिच्यासोबत दुसरे एखादे शास्त्र पक्के करा. कायदा, अर्थशास्त्र, वाणिज्य, शेती, आरोग्य, काहीही. बाबासाहेब अर्थतज्ज्ञ आणि बॅरिस्टर होते म्हणून त्यांचा अग्रलेख विरोधकाला खोडता येत नसे. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी किती मंजूर झाला, किती खर्च झाला, किती दुसरीकडे वळवला गेला, ही बातमी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या कागदांत पडून असते. ते कागद वाचू शकणारे आपले पत्रकार बोटावर मोजण्याइतके आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुमच्याच खात्यात महिनोन्महिने येत नाही ना? मग तिचा माहिती अधिकारातला पहिला अर्ज तुम्हीच का करू नये?

शिक्षण कुठे घ्यावे यावर फार वेळ घालवू नका. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीचे केंद्र आहे. सरकारी संस्थेत आरक्षण आणि शिष्यवृत्ती मिळते, म्हणून आधी तिकडे पाहा. लाखो रुपये फी घेऊन स्टुडिओ दाखवणाऱ्या खाजगी संस्थांसाठी घर गहाण टाकू नका. इंग्रजी शिका, पण आपल्या गावची बोली सोडून नका येऊ. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ पासून ‘खबर लहरिया’ उभे राहिले ते बुंदेली बोलणाऱ्या, बहुतांश दलित स्त्रियांच्या बळावर.

पैशाबद्दल मात्र स्पष्ट बोलू. या क्षेत्रात पहिली काही वर्षे मिळकत फार कमी असते. बिनपगारी ‘इंटर्नशिप’ ही ज्याच्या बापाचे शहरात घर आहे त्यालाच परवडते. तालुक्याच्या वार्ताहराला तर मानधन नाममात्र आणि वर जाहिरातींचे उद्दिष्ट. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की याच वार्ताहराला आपल्याच वस्तीत पावतीपुस्तक घेऊन फिरावे लागते. वर्षभर ज्या वस्तीची बातमी घेतली नाही त्या वस्तीकडून अभिवादनाच्या जाहिरातींची अख्खी पुरवणी भरून घेतात! ज्या समाजाची जाहिरात १९२० मध्ये पैसे देऊन नाकारली गेली, त्याच समाजाच्या जाहिरातींना आता भाव आला आहे. बातमीला अजून आलेला नाही.

आणि आपल्या स्वतःच्या पत्रांचे काय? इथे आपल्या माणसांना राग येईल, येऊ द्या. आपली कितीतरी साप्ताहिके, पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल नेत्यांच्या वाढदिवसांवर जगतात. ज्याच्या वाढदिवसाचे पान छापले त्याच्या समाजमंदिराच्या निधीचा हिशेब विचारणार कसा? १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी भारतीय वृत्तपत्रव्यवसायाची तुलना साबणाच्या उत्पादनाशी केली होती : नैतिक जबाबदारी नसलेला निव्वळ धंदा. तो चाबूक काँग्रेसी पत्रांवर होता हे खरे. आज तो आपल्या पाठीवर ओढला तर वळ उठणार नाही, असे कोण छातीठोक सांगेल?

वाढदिवसाच्या जाहिरातीला पर्याय वर्गणीच आहे. पाचशे माणसे दरमहा थोडे थोडे, पण न चुकता देतील अशी यादी उभी करणे हे अग्रलेख लिहिण्याइतकेच अवघड काम आहे. ते काम वाणिज्य शाखेतल्या मुलीने करावे, संगणक शिकलेल्या मुलाने करावे. नियतकालिकाची नोंदणी कशी होते, २०२३ च्या नव्या कायद्याने त्यात काय बदलले, बदनामीचा दावा आला तर काय करायचे, हे कायद्याच्या विद्यार्थ्याने सांभाळावे. एकट्याने मोबाइल काढून चॅनेल सुरू करण्यापेक्षा चौघांनी मिळून सुरू करा, आणि चौघांपैकी दोघेच लिहिणारे असू द्या. हिशेब दर महिन्याला वर्गणीदारांपुढे ठेवा, अगदी तोटा असला तरी.

जाण्यापूर्वी एक काम करा. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने छापले आहेत. जिल्हा ग्रंथालयात किंवा विद्यापीठात मिळतील. अग्रलेख सगळेच वाचतात. तुम्ही त्याबरोबर बारीक टायपातला मजकूर वाचा : वर्गणीच्या सूचना, गावोगावची पत्रे, सभांची वृत्ते. कोणत्या गावातून कोण लिहीत होते, पैसे कसे मागितले जात होते, हे एका वहीत टिपून ठेवा. सुरुवात ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकापासून केली तरी चालेल.